जॉर्ज विन्स्टनचा 'डिसेंबर' : डाव्या हातापासून ऐका, डाव्या हातापासूनच वाजवा

डिसेंबर आला की ख्रिसमसचं म्हणून जे संगीत कानावर पडतं, मॉलमध्ये, हॉटेलच्या लॉबीत, रील्सच्या मागे, त्यात बहुतेक वेळा घंटा, कोरस आणि भरपूर उत्साह असतो, आणि ते ठीकच आहे, सण आहे शेवटी. पण जॉर्ज विन्स्टनचा 'डिसेंबर' नावाचा एक अल्बम आहे, १९८२ चा, त्यात एक माणूस आणि एक पियानो एवढंच आहे. गाणारं कोणी नाही, ड्रम नाहीत, व्हायोलिनचा ताफा नाही. तरीसुद्धा अमेरिकेत तो ट्रिपल प्लॅटिनम झाला, म्हणजे ३० लाख प्रतींचा टप्पा गाठला, आणि दरवर्षी थंडी पडली की तिकडे लोक तो परत लावतात. वाद्यसंगीतातला याहून जास्त खपलेला ख्रिसमस अल्बम आहे, केनी जी चा १९९४ चा 'मिरॅकल्स', सॅक्सोफोनवाला, तोही जरूर ऐका, पण त्यात सगळं लक्ष सुरावटीकडे जातं. 'डिसेंबर' वेगळ्या पद्धतीने ऐकावा लागतो आणि ती पद्धत एकदा सापडली ना की मग घरच्या कॅसिओवर त्यातलं थोडंफार वाजवताही येतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

हे खास करून त्यांच्यासाठी ज्यांनी लहानपणी थोडी पेटी शिकलीय, सारेगम कळतं, काळी दोन पांढरी चार कळतं, पण त्या पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन बघितलं की पुस्तक मिटून ठेवतात. नोटेशनची गरज नाही. विन्स्टन स्वतः आपल्या वादनाला लोक-पियानो म्हणायचा, फोक पियानो, आणि त्याच्या या अल्बममधल्या बऱ्याच चाली अशाच लोकांच्या तोंडी असलेल्या किंवा शेकडो वर्षं वाजवल्या गेलेल्या आहेत.

आधी माणूस कोण ते थोडक्यात, कारण त्याशिवाय डावा हात का म्हणतोय ते समजणार नाही. जन्म १९४९, मिशिगनमधला, लहानपणाची बरीच वर्षं मॉन्टाना राज्यात गेली, म्हणजे जिथे हिवाळा खरोखरचा आणि लांबलचक असतो. हायस्कूल संपल्यावर, १९६७ मध्ये, द डोअर्स हा रॉक बँड ऐकून हा ऑर्गनकडे वळला, मग १९७१ च्या सुमारास फॅट्स वॉलरची जुनी रेकॉर्डिंग ऐकली आणि ऑर्गन सोडून पियानो धरला. फॅट्स वॉलर म्हणजे स्ट्राइड पियानो, डावा हात खालच्या सुरावरून वरच्या कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबलेल्या तीन-चार सुरांवर, सतत झेपा घेत राहतो, तबला आणि तानपुरा दोन्हीची कामं एकटा करतो असं समजा. मध्ये १९७७ मध्ये विन्स्टनने वाजवणंच सोडलं होतं, पण १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर याचं वादन ऐकलं आणि परत बसला. तिथेही पुन्हा डावा हातच, दणदणीत, लयीला धरून. आणि मग १९८० मध्ये 'ऑटम' आला, १९८२ मध्ये 'विंटर इंटू स्प्रिंग' आणि त्याच वर्षी 'डिसेंबर', तिन्ही विंडहॅम हिल या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीकडून, जी गिटारवादक विल्यम अ‍ॅकरमनने १९७६ मध्ये सुरू केली होती.

दुकानांनी हे सगळं 'न्यू एज' नावाच्या खणात ठेवलं, ध्यानधारणा, अगरबत्ती, झोप येण्यासाठीचं संगीत वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. झोपेसाठी लावलंत तर झोप येईलही, पण मग अल्बम ऐकलाच नाहीत असं मी म्हणेन. हा माणूस स्टेजवर नुसते मोजे घालून वाजवायचा आणि त्याचं कारण असं की लय धरताना त्याचा डावा पाय इतक्या जोरात जमिनीवर आपटायचा की बुटांचा आवाज ऐकू गेला असता! पाय आपटत वाजवणाऱ्या माणसाचं संगीत आहे हे, लय आत दडलेली आहे, दिसत नाही म्हणून नाही असं नाही.

तर ऐकायचं कसं.

पहिली गोष्ट, फोनच्या स्पीकरवर लावू नका. हा उगाच शौकिनांचा हट्ट नाहीये, फोनचा स्पीकर एवढासा असतो, त्यातून खर्जातले सूर बाहेरच पडत नाहीत, म्हणजे विन्स्टनचा डावा हात निम्मा गायब, आणि मग जे उरतं ते नुसतं टिंगटिंग, आणि लोक म्हणतात छान आहे पण जरा गोड गोड आहे. साधे वायरवाले इयरफोन चालतील, घरातला जुना म्युझिक सिस्टिम असेल तर उत्तमच. बेस बूस्ट मात्र बंद ठेवा, त्याने खालचे सूर एकमेकांत मिसळून नुसती गुरगुर होते.

दुसरी, शफल बंद. क्रम महत्त्वाचा आहे. मूळ अल्बममध्ये १० तुकडे आहेत, सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या आसपास, 'थँक्सगिव्हिंग'पासून सुरू होऊन 'पीस'पर्यंत. थँक्सगिव्हिंग अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, म्हणजे अल्बमचं नाव डिसेंबर असलं तरी दार नोव्हेंबरच्या शेवटी उघडतं, आणि ऐकायला सुरुवात तेव्हाच करावी, २५ तारखेची वाट बघू नये. २००१ मध्ये याची २० वर्षांनिमित्तची आवृत्ती आली त्यात शेवटी दोन तुकडे जास्तीचे आहेत, स्ट्रीमिंगवर बहुतेक हीच मिळते. पहिल्यांदा ऐकताना 'पीस' संपला की थांबा. जास्तीचे दोन चांगले आहेत, पण ते दुसऱ्या दिवशी ऐका, 'पीस' नंतर लगेच काही सुरू झालं की त्या तुकड्याचा परिणाम जातो. आणि फुकटचं अकाउंट असेल तर मधेच जाहिराती येतील, 'नाइट' संपता संपता कोणीतरी लोन घ्या म्हणून ओरडतो, म्हणून शक्य असेल तर अल्बम विकत घ्या किंवा जाहिराती नसलेला मार्ग बघा. सर्च करताना वादकाचं नाव नीट बघा कारण याच नावांचे तुकडे दुसऱ्या लोकांनी वाजवलेले ढिगाने आहेत.

तिसरी आणि मुख्य गोष्ट. एकदा पूर्ण अल्बम जसा आहे तसा ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना वरची सुरावट ऐकायचीच नाही असं ठरवून फक्त खालचे सूर पकडा. सुरुवातीला कान परत परत वर पळतो, आपल्याला लहानपणापासून मुख्य गाणं ऐकायची सवय असते, तबलजीने काय केलं ते आपण वाहवा येईपर्यंत ऐकतच नाही. पण 'थँक्सगिव्हिंग'मध्ये नुसत्या डाव्या हाताच्या मागे गेलात ना तर कळतं की तो एका जागी स्थिर नाही, तो पाण्यासारखा खाली वर फिरतोय आणि वरचे मोजके टणत्कार, विन्स्टन उजव्या हाताचे सूर घंटेसारखे ठणठणीत मारतो, ते त्या पाण्यावर पडतायत. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र ऐका. तोपर्यंत आठवडा गेला तरी हरकत नाही.

काही तुकड्यांची पार्श्वभूमी माहीत असली की ऐकण्यात भर पडते, सगळ्यांची सांगत बसत नाही.

'कॅरल ऑफ द बेल्स' सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलंय, पण ते मुळात ख्रिसमसचं गाणं नाही. मिकोला लिओंतोविच नावाच्या युक्रेनियन संगीतकाराने युक्रेनी लोकगीताच्या चार सुरांच्या धुनेवरून ते कोरससाठी रचलं, नाव 'श्चेद्रिक', १९१६ मध्ये कीव्हमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ शब्द नव्या वर्षाच्या शुभेच्छांचे आहेत, एक पाकोळी घरात उडत येते आणि घरधन्याला सांगते की तुझं वर्ष भरभराटीचं जाणार. १९२१ च्या जानेवारीत सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या एका हस्तकाने लिओंतोविचला गोळी घालून मारलं. पुढच्याच वर्षी युक्रेनचा कोरस हे गाणं घेऊन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पोचला, आणि मग १९३६ मध्ये पीटर विल्हाउस्कीने त्यावर घंटांचे इंग्रजी शब्द घातले तेव्हा ते ख्रिसमसचं झालं. विन्स्टनच्या वादनात शब्द नाहीतच, त्यामुळे घंटांची चमक थोडी मागे राहते आणि मूळ धुनेतली ती चार सुरांची गिरकी, परत परत फिरून येणारी, तीच समोर येते. आज युक्रेनमध्ये जे चाललंय ते डोक्यात ठेवून हा तुकडा ऐकला की मला तरी तो नुसता सणाचा वाटत नाही.

'सम चिल्ड्रन सी हिम' ही अल्फ्रेड बर्टची चाल आहे. बर्ट जॅझमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, आणि त्यांच्या घरात दर ख्रिसमसला मित्रमंडळींना कार्ड पाठवताना त्यात एक नवीन कॅरल छापून पाठवायची पद्धत होती, वडिलांनी सुरू केलेली, त्याने पुढे चालवली. हे १९५१ चं कार्ड. गाण्याचा आशय असा की प्रत्येक देशातलं मूल येशूला आपल्यासारख्याच रंगारूपाचा बघतं, कोणाला तो गोरा, कोणाला सावळा, आणि आपल्याकडे विठ्ठलाला काळा सावळा म्हणून लाडाने हाक मारणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागू नये. बर्ट १९५४ मध्ये गेला, वयाच्या तिशीतच. 'जीझस, जीझस, रेस्ट युवर हेड' हे अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया डोंगराळ भागातलं, जॉन जेकब नाइल्सने गोळा केलेलं, आपल्याकडच्या ओव्या गोळा करणाऱ्यांसारखंच काम त्याने केलं. 'जॉय' हा जर्मन संगीतकार बाखच्या १७२३ च्या कँटाटामधल्या, म्हणजे चर्चसाठीच्या गायन-रचनेतल्या, प्रसिद्ध सुरावटीवरून आहे.

'नाइट' तीन भागांचा आहे, बर्फ, मध्यरात्र आणि गवय्ये. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे बर्फ पडल्यावर तिथे बाहेर खरोखर सगळं शांत होतं, हे तिकडे राहिलेल्या मराठी लोकांना विचारा, मिनेसोटा शिकागोवाले लगेच सांगतील. पहिल्या भागात विन्स्टन सुरांच्या मधल्या जागा कशा मोकळ्या सोडतो तिकडे लक्ष द्या, पंखा बंद करून ऐका.

आता वाजवण्याकडे. सुरुवात 'व्हेरिएशन्स ऑन द कॅनन बाय पाखेलबेल' पासूनच करायची, दुसरं काहीही निवडू नका. योहान पाखेलबेल हा न्यूरेम्बर्गचा, १६५३ ते १७०६. त्याचा मूळ कॅनन तीन व्हायोलिन आणि खर्जाच्या साथीसाठी आहे, खाली ८ सुरांची एकच ओळ, ती २८ वेळा तशीच्या तशी वाजते, आणि वर तिन्ही व्हायोलिन एकामागून एक तीच सुरावट घेत येतात. कितीतरी काळ हे विस्मरणात होतं, १९६८ च्या ज्याँ-फ्रांस्वा पायारच्या रेकॉर्डिंगनंतर ते जगभर पसरलं. विन्स्टनने ते मूळच्या डी मधून सी मध्ये आणलं, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन वरून पांढरी एक, आणि आपलं नशीब असं की त्यामुळे एकही काळी पट्टी लागत नाही, सगळं बिलावल.

ती ८ सुरांची ओळ अशी:

सा प ध ग म सा म प

पहिला सा सोडला तर बाकी सगळे त्याच्या खालचे. प्रत्येक सुराला दोन मात्रा दिल्या की आठ दुणे सोळा, झालं तीनतालाचं एक आवर्तन, सम सा वर. ज्यांनी तबला सोलोला नगमा, म्हणजे साथीची परत परत वाजणारी एकच ओळ, धरलाय त्यांना हे प्रकरण लगेच कळेल, खाली नगमा हलत नाही आणि वर सगळी करामत चालते, कॅननमध्ये अगदी तेच आहे.

कीबोर्ड लावताना आधी ऱ्हिदम बंद, ऑटो कॉर्ड बंद, टोन ग्रँड पियानो. ट्रान्सपोज शून्यावर. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा आणि हळू दाबली की लहान, ही सोय, टच रिस्पॉन्स, असेल तर चालू करा, नसलेल्या कीबोर्डवर सराव होईल पण मजा अर्धीच येईल. ६१ पट्ट्यांचा नेहमीचा कीबोर्ड असेल तर डावीकडून पहिली पट्टीच सा आहे, आपल्याला सुरुवात करायची डावीकडून दुसऱ्या सा वर.

बोटं अशी. डाव्या हाताचा अंगठा त्या दुसऱ्या सा वर, आणि अनामिका आपोआप खालच्या प वर येते. सा, प वाजवा. आता पंजा तसाच ठेवून दोन पट्ट्या डावीकडे सरका, अंगठा ध वर, अनामिका ग वर. वाजवा. परत दोन पट्ट्या डावीकडे, अंगठा म वर, अनामिका अगदी पहिल्या पट्टीवर, सा. वाजवा. झाले सहा सूर. सातवा म, अंगठ्यानेच, आणि आठवा प मात्र अंगठ्याने घेऊ नका, अनामिका उचलून प वर आणा, म्हणजे पंजा परत पहिल्या जागी येतो आणि अंगठा वरच्या सा वर तयार असतो पुढच्या आवर्तनाला. ही एक युक्ती जमली की डावा हात डोळे मिटून फिरतो. बहुतेक लोक इथे घाई करतात, दोन दिवसात उजवा हात सुरू करतात आणि मग दर आवर्तनाला आठव्या सुरावर अडखळतात. माझं म्हणणं आहे की पहिला पूर्ण आठवडा फक्त डावा हात, मोजे घाला किंवा घालू नका पण पायाने मात्रा धरा, आणि मेट्रोनोम ६० वर ठेवून एका ठोक्याला एक मात्रा.

डावा हात सवयीचा झाला की त्याला थोडं भरायचं. प्रत्येक सुराच्या दोन मात्रांमध्ये चार सूर बसवा: मूळ सूर, त्याच्यापासून पाचवी पांढरी पट्टी (मूळ सूर एक धरून मोजायचं), मग वरच्या सप्तकातला तोच सूर, मग परत पाचवी. म्हणजे सा ला सा प सां प, प ला प रें पं रें, ध ला ध गं धं गं, असं. या ओळीतल्या सगळ्या सुरांना पाचवी पट्टी बरोबर षड्ज-पंचम भावात बसते, अपवाद फक्त नि चा झाला असता आणि नि या ओळीत आधार म्हणून येतच नाही. करंगळी मूळ सुरावर, मधलं किंवा तर्जनी पाचवीवर, अंगठा वर. हात लहान असेल तर वरचा सूर सोडून द्या, मूळ आणि पाचवी एवढंच झुलवत ठेवा, चांगलंच वाटतं.

उजव्या हाताची पहिली ओळ:

ग रे सा नि ध प ध नि

डावीकडून चौथा सा शोधा, त्याच्या वरचा ग, तिथून खाली उतरायचं. एका खालच्या सुराला वरचा एक सूर, दोन्ही हात एकदम पडले पाहिजेत. दुसऱ्या आवर्तनात दुसरी ओळ:

सा नि ध प म ग म रे

आणि तिसऱ्या आवर्तनात या दोन्ही ओळी एकदम, कारण दुसरी ओळ पहिलीच्या बरोब्बर एक पट्टी सोडून खाली चालते, फक्त शेवटी नि बरोबर खालचा रे येतो तिथे बोटं जरा लांबवावी लागतात. हे ज्या दिवशी पहिल्यांदा जुळतं ना त्या दिवशी आपण वाजवतोय यावर विश्वास बसत नाही, इतकं भरलेलं ऐकू येतं.

यानंतर पुढचं तुमचं तुम्ही करायचं आहे, कारण त्या तुकड्याचं नावच व्हेरिएशन्स आहे. विन्स्टन शांतपणे सुरू करतो, मग सूर दाट होत जातात, मध्ये चांगलाच जोर येतो, आणि शेवटी परत निवळतं. आपल्याकडे बढत, दुगुन, चौगुन हे सगळं रक्तात आहेच. प्रत्येक खालच्या सुराचे वरचे तीन मित्र लक्षात ठेवा: सा ला सा ग प, प ला प नि रे, ध ला ध सा ग, ग ला ग प नि, म ला म ध सा. यातलेच सूर उलटसुलट करून दुगुनीत घ्या, कुठे एक सूर गाळा, कुठे समेवर न येता अर्धी मात्रा उशिरा या. एवढं मात्र सांगतो, मींड, मुरकी, खटके याचा मोह टाळा. कीबोर्डवर ते पिच बेंडने करता येतं म्हणून करू नये, या संगीताची ताकद सरळ सुरात आहे, सूर लागला, वाजला, विझला.

विझण्यावरून पेडल. सस्टेन पेडल वेगळा मिळतो, कीबोर्डच्या मागे त्याचं भोक असतं, आधी बघून मग घ्या. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो, लोक पेडल दाबून ठेवतात आणि सगळे सूर एकमेकांत कालवले जातात. पेडल सुराबरोबर दाबायचा नसतो, सुरानंतर दाबायचा असतो. डाव्या हाताचा नवा सूर पडला त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच, सूर धरलेला असतानाच, पाय खाली. म्हणजे जुना सूर जातो, नवा राहतो. आवर्तनात आठ वेळा. हे सुरुवातीला डोकं फिरवतं कारण हात खाली जातो तेव्हा पाय वर येतो, म्हणून आधी फक्त डाव्या हाताबरोबर, अगदी संथ करून बघा. पॅनेलवरचं सस्टेनचं बटण असतं ते वापरू नका, ते कायमच चालू राहतं.

पेटीवर काय करायचं? पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे एकट्याने हे जमणार नाही, दोघं लागतील. एकाने खर्जात सा प ध ग धरायचं, दुसऱ्याने वरच्या ओळी. पेटीचा सूर पियानोसारखा विझत नाही, बोट आहे तोपर्यंत तो तसाच राहतो, म्हणून खालच्याने प्रत्येक सुराच्या शेवटी बोट हलकं उचलायचं, नाहीतर जड होतं. तुमच्या पेटीत खालचा सा नसेल तर सहावा सूर वरच्या सप्तकातला सा घ्या, काही बिघडत नाही. घरात आजोबा पेटी वाजवणारे आणि नात कीबोर्डवाली असेल तर ही जोडी फार छान जमते, आजोबांना नगमा धरायचं सांगा, त्यांना बाकी काही समजावायला लागणार नाही.

'कॅरल ऑफ द बेल्स' ची चार सुरांची धून तर एका बैठकीत बसते. सा घ्या पांढरी सहा. धून: कोमल ग, रे, कोमल ग, सा. पांढरी सहा सा धरल्यामुळे कोमल ग म्हणजे वरची पांढरी एक आणि रे म्हणजे पांढरी सात, इथेही काळी पट्टी नाहीच. मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट, अंगठा. सहा मात्रा मोजा: ग ऽ रे ग सा ऽ. पण थांबा, सहा मात्रा म्हटलं की आपला हात दादऱ्यात जातो, तीन आणि तीन, आणि तिथे ही धून मरते. हिचे भाग दोन-दोन-दोन आहेत. ग ऽ, रे ग, सा ऽ. पायाने तीन ठोके द्या, दोन नाही. डाव्या हाताला एका फेरीला एकच लांब सूर, उतरत: सा, कोमल नि, कोमल ध, प, म्हणजे पांढरी सहा, पाच, चार, तीन, अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत ओळीने. चार फेऱ्यांचं एक चक्र. वर धून बदलत नाही आणि खाली जमीन सरकत जाते, त्यातून तो ताण येतो. पहिलं चक्र अगदी हळू आवाजात, मग प्रत्येक चक्राला थोडा थोडा चढवत जा. वेग मात्र वाढवू नका, आवाज वाढला की वेग आपोआप वाढतो, मेट्रोनोम लावूनच करा.

ज्यांना स्टाफ नोटेशन येतं त्यांच्यासाठी हॅल लिओनार्ड या प्रकाशन कंपनीने छापलेलं विन्स्टनच्या पियानो सोलोंचं पुस्तक आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये रचना बऱ्याच सोप्या करून टाकलेल्या असतात आणि सोपं करताना सगळ्यात आधी डावा हातच कापला जातो, मग राहिलं काय.

२४ डिसेंबरला सोसायटीत किंवा शाळेत मुलांकडून काही बसवून घ्यायचं असेल तर कॅनन तीन मुलांना वाटून द्या, एक नगमा, एक पहिली ओळ, एक दुसरी, आणि चौथं एखादं लहान मूल असेल तर त्याला फक्त प्रत्येक समेला सा वाजवू दे. विन्स्टन आपल्या कार्यक्रमांना येणाऱ्या लोकांना डबाबंद खाणं आणायला सांगायचा, तिथल्या अन्नपेढीला देण्यासाठी, वर्षानुवर्षं त्याने हे केलं. आपल्या कार्यक्रमात तिकीट म्हणून एक किलो तांदूळ किंवा डाळ ठेवून जवळच्या आश्रमशाळेला द्यायला काय हरकत आहे. विन्स्टन २०२३ च्या जूनमध्ये गेला, शेवटची बरीच वर्षं कॅन्सरशी झगडत, आणि त्या काळातही रचना करत राहिला.

हे दोन तुकडे हातात बसले की पुढे 'द हॉली अँड द आयव्ही' घ्या, जुनं इंग्लिश लोकगीत आहे, कानाने उतरवायला सोपं. उतरवताना वरच्या चालीपासून सुरुवात करू नका. आधी रेकॉर्डिंगमधला सगळ्यात खालचा सूर शोधा, तो कधी बदलतो तिथे कागदावर खूण करा, तेवढाच डाव्या हाताने त्याच्याबरोबर वाजवत पूर्ण तुकडा एकदा काढा, आणि मग उजवा हात ठेवा.